खांद्याला सोसत नाही ती पिशवी चोरापासूनही वाचवत नाही

गेल्या महिन्यात पुण्याहून कुरिअरने एक पुडकं आलं. आत काळी, चौकोनी, एका खांद्यावरून छातीवर तिरकी घ्यायची पिशवी होती. हल्ली सगळे तिला स्लिंग बॅग म्हणतात. पाठवणारा माझा भाचा. रात्री त्याचा फोन आला. "आत्या, मार्गशीर्षात तू सौंदत्तीला जाणार, अमावस्येला आदमापूरला जातेस. तुझी ती कापडी पिशवी आता टाकून दे. ही चोरीरोधक आहे. पट्ट्यात स्टीलची तार आहे, ब्लेडने कापली जात नाही. चैनीला नंबरचं कुलूप आहे. आतलं अस्तर कार्डावरची माहिती बाहेर जाऊ देत नाही. जड वाटेल थोडी, पट्टा सुरुवातीला टोचेल, पण पैसे तर राहतील ना?"

पोराची माया खरी आहे, त्याबद्दल मला तीळभर शंका नाही. पण तो जे बोलला ते त्याचं एकट्याचं म्हणणं नाही. दुकानदार हेच सांगतात, जाहिराती हेच सांगतात, यात्रेला निघालेल्या बाईला घरची कर्ती माणसं हेच सांगतात. आधी सुरक्षा बघा, सोय नंतर. म्हणून त्याला फोनवर दिलं नाही ते उत्तर इथं लिहिते आहे.

माझं म्हणणं असं आहे, की पिशवी अंगाला सोसली नाही तर माणूस ती उतरवतो, आणि उतरवलेली पिशवी चोरीला जाते. सोय आणि सुरक्षा अशा दोन वेगळ्या वस्तू नाहीतच, की एक घेतली म्हणून दुसरी सोडावी. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

संकेश्वरहून निपाणीच्या बाजूच्या एका खेड्यात जाऊन मी सव्वीस वर्षं शाळेत शिकवलं. जाताना बस, येताना कधी बस, कधी वडापची जीप. सुटीला कोल्हापूर, कधी बेळगाव, बाजाराला गडहिंग्लज. या सव्वीस वर्षांत एकदाच माझी चोरी झाली, आणि ती झाली सगळ्यात भक्कम पिशवी बरोबर असताना. २०१९ ची दिवाळी होऊन गेली होती. कोल्हापूरहून परत येत होते. पिशवी जाड रेक्झिनची, चैनीला छोटं पितळी कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. पट्टा मात्र दोन बोटांएवढाही रुंद नव्हता. कागल येईपर्यंत मान अवघडून गेली. मी पिशवी काढून मांडीवर घेतली. कागलला शेजारी एक बाई तान्हं लेकरू घेऊन बसली, तिला जरा ऐसपैस व्हावं म्हणून मी पिशवी वरच्या फळीवर ठेवली. तवंदीचा घाट ओलांडून गाडी कणगल्याजवळ आली तेव्हा वर बघितलं, तर फळी रिकामी होती. चार हजार दोनशे रुपये, फोन, शाळेच्या कपाटाच्या किल्ल्या आणि आईची कुंकवाची डबी, सगळं गेलं. चोराने कुलूप फोडलं नाही, पट्टा कापला नाही, अस्तर फाडलं नाही. त्याला त्याची गरजच पडली नाही. किल्ली अजून माझ्याकडे आहे.

त्या दिवशी ती पिशवी माझ्या कुशीला असती तर गेली नसती. आणि ती कुशीला का नव्हती, याचं उत्तर पट्ट्याच्या रुंदीत आहे. भाच्याने पाठवलेली पिशवी हातात घेतली तेव्हा मी पहिल्यांदा पट्टाच बघितला. दोन सेंटिमीटर. आत तार असल्यामुळे तो वाकत नाही, खांद्याच्या उतारावर बसत नाही, कडेवर उभा राहतो. शेजारच्या वाण्याच्या काट्यावर रिकामी पिशवी ठेवली, तर ७१० ग्रॅम भरली. माझी कापडी १९० ग्रॅमची आहे. फोन, चष्मा, औषधाची पट्टी, आधार, रुमाल, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली एवढंच घातलं तरी ही नवी पिशवी दीड किलोच्या घरात जाते. तेवढंच ओझं दोन सेंटिमीटरच्या पट्ट्याऐवजी चार सेंटिमीटरच्या पट्ट्यावर टाकलं, तर खांद्यावरचा दाब निम्मा होतो. हे सातवीच्या विज्ञानात मी दरवर्षी शिकवत होते. पण पिशवी विकणारा माणूस ब्लेडची, तारेची, कुलपाची गोष्ट सांगतो, पट्ट्याची रुंदी सांगत नाही.

भाच्याचा सगळ्यात मोठा भर कार्डाच्या अस्तरावर होता. आरएफआयडी म्हणतात ते. गर्दीत कुणी यंत्र घेऊन जवळ उभा राहिला की तुमच्या कार्डातले पैसे काढून घेतो, अशी भीती घातली जाते. पण टेकवून पैसे देण्याचं कार्ड यंत्रापासून चार-दोन सेंटिमीटरवर धरावं लागतं. दर वेळी कार्ड नवीन सांकेतिक आकडा तयार करतं, आधीचा चोरलेला पुन्हा चालत नाही. पिनशिवाय पाच हजारांच्या वर व्यवहार होत नाही; ही मर्यादा रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून दोन हजारांवरून पाच हजारांवर नेली. आणि ऑक्टोबर २०२० पासून मिळणाऱ्या नव्या कार्डांवर टेकवून पैसे देण्याची सोय मुळात बंदच असते, ती आपण सांगून चालू करून घ्यावी लागते. ज्याला भीती वाटते त्याने बँकेच्या अॅपमध्ये ती बंद ठेवावी. पैसे पडत नाहीत. आधारकार्डात तर असली चिप नसतेच, त्यावर क्यूआर छापलेला असतो. आमच्या भागातली बाई बसमध्ये चढते तेव्हा तिच्याजवळ आधार, साधा फोन किंवा स्मार्ट फोन, दीडदोनशे रुपये आणि औषध असतं. तिला हे चंदेरी अस्तर म्हणजे वजन आणि किंमत, दुसरं काही नाही.

आता कुलूप आणि चैन. इथं मला जरा थांबायचं आहे, कारण चोरीरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्यांची सगळी भिस्त यावर असते.

आमच्या स्टँडजवळ एक काका बसतात. चपला शिवतात, पिशव्यांना रनर घालतात, शाळेच्या दप्तरांचे पट्टे लावतात. हा सगळा मुलूखच चामड्याच्या कामाचा आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून मिळालं, आणि त्यात आपला बेळगाव जिल्हा आहे. नवी पिशवी मी काकांकडे नेली. त्यांनी ती उलटीपालटी केली, चैनीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बाई, तुमचं पेन द्या जरा."

साधं बॉलपेन. दोन्ही रनर मध्यावर आणून कुलपात अडकवलेले होते. काकांनी पेनचं टोक चैनीच्या नायलॉनच्या दातांमध्ये दाबलं. कट्ट असा बारीक आवाज झाला आणि दात उसवले. बोट घालून त्यांनी वीतभर चैन उघडली, आतला माझा चष्मा बाहेर काढला, आणि मग कुलूपबंद दोन्ही रनर एकत्र धरून उघड्या भागावरून एकदा मागे, एकदा पुढे सरकवले. चैन पहिल्यासारखी मिटली. कुलूप जागच्या जागी. सगळं मिळून मिनिटही लागलं नसेल. घरी जाईपर्यंत चोरी कळणारसुद्धा नाही. तीन आकड्यांच्या कुलपाचंही त्यांनी सांगितलं. चकती ओढून धरून फिरवली की बरोबर आकड्यावर ती हाताला सैल लागते, हजार आकडे कुणी मोजत बसत नाही.

मग म्हणाले, "हे बघा, कुलूप कुठं लावलंय हे चोराला लांबनंच दिसतंय. म्हणजे माल कुठं हाय ते तुम्हीच सांगितलं."

मी तेव्हापासून माझ्या ओळखीच्या प्रत्येक बाईला सांगते, पिशवी घेताना कुलूप बघू नका, रनर बघा. एकच रनर हवा. आणि पिशवी अंगावर घेऊन बघा, चैन पूर्ण मिटल्यावर तो रनर कुठं येतो? पुढे, आपल्या हाताखाली आला पाहिजे. बाजारातल्या कितीतरी पिशव्यांमध्ये तो मागे, पाठीकडे जातो. म्हणजे मागे उभ्या असलेल्या माणसाच्या बोटांजवळ. पिशवी डाव्या कुशीला घ्या की उजव्या, चैन मागून पुढेच मिटली पाहिजे. काकांनी माझ्या कापडी पिशवीची चैन उसवून उलटी लावून दिली, साठ रुपये घेतले. त्या साठ रुपयांनी जे काम केलं ते या काळ्या पिशवीतल्या पाव किलो लोखंडाला जमणार नाही.

साडी नेसणाऱ्या बाईचा तर कुणी विचारच केलेला नाही. या पिशव्या पाठीवर सॅक घेऊन हिंडणाऱ्या परदेशी प्रवाशासाठी, टीशर्टवर घालायला बेतलेल्या आहेत. आपला पदर डाव्या खांद्यावर असतो. पट्टाही त्याच खांद्यावर घेतला की निऱ्या चुरगळतात, पिन ओढली जाते, पिशवी काढता-घालताना पदर सुटतो. छातीच्या मधोमध आवळलेला पट्टा बायकांना नको वाटतो, लोकांची नजर जाते. मग काय करतात? पिशवी हळूच मागे सरकवतात. पुढे घेतलेली पिशवी दोन थांब्यांनंतर पाठीवर गेलेली मी रोज बघत आले आहे. तरण्या मुली, लेकुरवाळ्या बाया, सगळ्याच. मी पट्टा उजव्या खांद्यावरून घेते, पिशवी डाव्या कुशीला, कमरेच्या हाडाच्या थोडी वर, कोपराखाली येईल इतक्याच लांबीवर. पाठीवरचा पदर डावीकडून पुढे ओढून तिच्यावर घेते. पिशवी झाकली जाते आणि अंगालाही वावगं वाटत नाही. उजवा हात दांडा धरायला मोकळा, डावा हात पिशवीवर आपोआप पडतो. त्यासाठी पट्टा लांब-आखूड करता आला पाहिजे आणि बकल घसरता कामा नये, एवढीच अट. पाठीमागचा जाड फोमही मला पटत नाही. एप्रिल-मे महिन्यात तो घामाने भिजतो, अंगाला चिकटतो, आणि पुन्हा तेच, बाई पिशवी उतरवते.

आणि पिशवी उघडण्याचं काय? ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना आली. राज्यातल्या बायकांना साध्या बसचा प्रवास मोफत झाला. शेतमजूर बाईपासून कॉलेजच्या मुलीपर्यंत सगळ्यांना त्याने घराबाहेर काढलं, आणि मला ती योजना मनापासून आवडते. पण तिकीट शून्याचं असलं तरी ते घ्यावं लागतं, आणि त्यासाठी ओळखपत्र दाखवावं लागतं. कंडक्टर "मुंद बर्री, मुंद बर्री" (पुढे या, पुढे या) करत गर्दीतून येतो आणि पन्नास बायका एकाच वेळी पिशव्या उघडतात. दांड्याला लोंबकळत, एका हाताने. तिकडे महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे तिथं सुटे पैसे काढायचे. संकेश्वरहून गडहिंग्लजला जाऊन परत यायचं तर एकाच दिवसात आधारही निघतं आणि पैसेही. नंबरचं कुलूप असलेली पिशवी अशा वेळी किती जणी मिटतील? एकदा उघडलं की दिवसभर ते उघडंच राहतं. म्हणून मी सांगते, आधारासाठी पिशवीच्या अंगाकडच्या बाजूला एक सपाट खिसा असावा, वरून टिचबटण लावलेला, एका हाताने उघडणारा. आधार आणि वीस-पन्नास रुपये तेवढ्यात. मोठी चैन घरापासून मुक्कामापर्यंत उघडायचीच नाही. वेल्क्रोची पट्टीही चालेल, उघडताना ती चर्रकन आवाज करते आणि तो आवाज आपल्याला हवा असतो.

बसच्या दाराचा तर वेगळाच विषय आहे. आपल्याकडे खिसे कापले जातात ते बहुतेक दारातच. एक हात दांड्याला, दुसऱ्या हातात निऱ्या, पाय पायरीवर, मागून रेटा. त्या अर्ध्या मिनिटात बाईचे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि पिशवीला स्वतःच स्वतःला सांभाळावं लागतं. खांद्याला लटकवायची पर्स इथं कामाची नाही, हातातली पिशवी तर नाहीच. तिरका पट्टा इथं खरा उपयोगी आहे, हे मी मान्य करते. भाच्याच्या म्हणण्यातला हा भाग बरोबर आहे. ब्लेड मारणारेही असतात, ते मी नाकारत नाही. पण जाड कॅनव्हास, आत मांजरपाटाचं अस्तर, आणि पैशांचा खिसा पोटाकडच्या बाजूला, एवढ्याने पिशवीच्या दर्शनी बाजूवर मारलेलं ब्लेड पैशांपर्यंत पोचत नाही. चार सेंटिमीटरचा जाड विणीचा नाड्यासारखा पट्टा ब्लेडच्या एका फटक्यात कापला जात नाही.

तारेच्या पट्ट्याबद्दल मात्र मी मान्य करणं सोडाच, सावध करते आहे. हा पट्टा कधीच तुटत नाही, हीच त्याची फुशारकी. आता डोळ्यांपुढे आणा : मुलगी स्कूटीवरून चालली आहे, मोटारसायकलवरून दोघे मागून येतात आणि पिशवीला हिसका मारतात. साधा पट्टा असेल तर तुटतो किंवा बकल निसटतं, पिशवी जाते. तारेचा असेल तर मुलगी जाते, गाडीसकट रस्त्यावर, पुणे-बंगळूर हायवेच्या बाजूला, जिथं मागून उसाचे ट्रॅक्टर आणि कंटेनर येत असतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसका मारून चोरी करणं हा कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा केला आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायदा चोराला बघून घेईल. पण फरपटत गेलेलं माणूस कायदा उभं करत नाही. दुचाकीवर बसणाऱ्या माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीला माझं सांगणं आहे, पिशवी जॅकेटच्या आत घ्या किंवा डिकीत टाका, आणि कुणी ओढली तर सोडा.

भाचा पुढे म्हणाला ते मला जास्त लागलं. "आत्या, चोरी होते ती बेसावधपणामुळे. बायका फोनवर बोलत असतात, लक्ष नसतं." मी सव्वीस वर्षं या बायकांबरोबर उभी राहिले आहे. कडेवर पोर, हातात शेंगांचं गाठोडं, डोक्यात घरी सासूला काय सांगायचं याचा विचार, कंडक्टर घाई करतोय, गाडी सुटायची भीती. यातलं बेसावध कोण? ज्या स्टँडवर रात्री दिवे नीट लागत नाहीत, गाडी कुठल्या फलाटावर लागणार ते शेवटच्या मिनिटाला कळतं आणि मग दोनशे माणसं एकाच दाराकडे धावतात, तिथं चोराची सोय करून दिलेली असते. ती बायकांनी केलेली नसते. यात्रेला जादा गाड्या सोडणं, रांगेसाठी दांडे लावणं, कॅमेरे चालू ठेवणं हे ज्यांचं काम आहे त्यांनी ते करावं. बाईला हजार रुपयांची पिशवी विकून ती जबाबदारी तिच्या खांद्यावर टाकू नये. तो खांदा आधीच भरून आलेला आहे.

आणखी एक गोष्ट तो बोलून गेला, पुष्कळ जण बोलतात. अमुक जातीचे लोक गाडीत दिसले की पिशवी घट्ट धरावी म्हणे. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून कितीएक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या विमुक्त झाल्या. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते पुस्तक मराठी घराघरात वाचलं गेलं, आणि तरीही बसमध्ये फाटकं लुगडं दिसलं की आपण पिशवी आवळतो. हे चूक आहे, अन्यायाचं आहे. आणि पिशवी वाचवायच्या दृष्टीनेही निरुपयोगी आहे. माझी पिशवी गेली त्या गाडीत माझ्या मागच्या बाकावर इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात फाइल घेतलेला एक माणूस होता. निपाणीनंतर तो दिसला नाही. त्यानेच नेली असं मी म्हणत नाही, मला ठाऊक नाही. पण माझी नजर सगळा वेळ पुढच्या बाकावरच्या फाटक्या माणसावर होती, हे मला ठाऊक आहे, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

चोरीनंतर मी तक्रार द्यायला गेले तेव्हा पहिला प्रश्न आला, कुठं झाली? महाराष्ट्रात की कर्नाटकात? कागल ते कणगलं या अंतरात कधीतरी. मधे हद्द बदलते. एका ठाण्यावर सांगितलं, हे आमच्यात येत नाही. सीमाभागातल्या माणसाला हे अनुभव नवीन नाहीत. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची आहे. लोक त्याला झीरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन कळवता येतं, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची. संकेश्वर, निपाणी, कागल, गडहिंग्लज इथं राहणाऱ्या प्रत्येकाने हे कलम पाठ करून ठेवावं. फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की पंधरा आकड्यांचा आयएमईआय नंबर दिसतो, तो वहीत लिहून घरी ठेवावा. फोन गेला तर केंद्र सरकारच्या संचार साथीवर तो नंबर देऊन फोन बंद पाडता येतो, आणि खात्यातून पैसे गेले तर १९३० ला लगेच फोन करायचा. हे सगळं फुकट आहे आणि याचं वजन काही नाही.

भाच्याला वाटतं चोरीपासून वाचवणारी पिशवी ही काल-परवा निघालेली वस्तू आहे. आपल्या भाषेत चोरखिसा हा शब्द किती जुना असेल! कमरेला बांधायचा कसा होता, धोतराची आणि लुगड्याची कनवट होती, आणि चंची होती. गडहिंग्लजच्या मिरचीच्या बाजारात मी लहानपणी आजीबरोबर जायची. संकेश्वरी मिरचीच्या ढिगामागे बसलेली एक म्हातारी मला अजून दिसते. गिऱ्हाइकाने नोट दिली की ती जरा वळायची, नऊवारीच्या कमरेतून चंची ओढून काढायची. लांबट कापडाची पट्टी, तिला पुढून मागे चार-पाच कप्पे, सगळी गुंडाळी करून दोरीने आवळलेली. दोरी उलगडायची, एकेक कप्पा सोडवत जायची. पहिल्यात पानं, दुसऱ्यात सुपारी, चुन्याची डबी, तंबाखू. नोट जायची सगळ्यात आतल्या कप्प्यात, आणि मग उलट्या क्रमाने पुन्हा गुंडाळी, दोरीचे चार वेढे, आणि चंची परत कमरेत, अंगाला लागून. मोड लागणारी नाणी मात्र तिने पदराच्या गाठीत वेगळी ठेवलेली असायची, ती एका हाताने सुटायची. सगळा पैसा एके ठिकाणी ठेवायचा नाही, रोज लागणारं वर आणि जपायचं ते खोल ठेवायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती चंची वजनाला काहीच नव्हती. दिवसभर उन्हात बसून ती तिला एकदाही काढावीशी वाटली नाही. रात्री निजतानासुद्धा ती कमरेलाच असायची, असं आजी सांगायची.

मी भाच्याची पिशवी टाकून दिलेली नाही, परतही पाठवणार नाही. कापड चांगलं आहे, शिवण दुहेरी आहे, पाऊस आत येत नाही. काकांकडे दिली आहे. तारेचा पट्टा काढून चार सेंटिमीटरचा मऊ पट्टा, कुलूप काढून एकच रनर, मिटल्यावर पुढे येणारा, अंगाकडच्या बाजूला आधारासाठी टिचबटणाचा खिसा, पाठीचा फोम काढून पातळ अस्तर. चंदेरी अस्तरही काढायला सांगितलं. ते काढताना शिवण उसवावी लागेल, त्याचे वीस रुपये जास्त होतील म्हणाले. होऊ देत म्हटलं.

काल भाच्याचा पुन्हा फोन आला. त्याला अजून अस्तराचं माझं म्हणणं पटलेलं नाही. पण त्याची आई, माझी वहिनी, यंदा आमच्याबरोबर सौंदत्तीला यायची आहे. तिच्या पाठीला पट्टा बांधलेला असतो. तो म्हणाला, "आत्या, आईच्या खांद्याचं माप कसं घेऊ?" मी सांगितलं, उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेच्या हाडाच्या चार बोटं वरपर्यंत सुतळी धर, साडीवरूनच, आणि तिला म्हणावं हात वर करून बसचा दांडा धरल्यासारखं कर. तेव्हा सुतळी वर सरकेल. तेवढी वाढवून धर आणि मला सेंटिमीटरमध्ये कळव. बाजाराच्या दिवशी काकांकडे जायचंच आहे.